कंट्रोल न धरता

भाच्याने जुना संगणक पार रिकामा करून दिला.
म्हणाला, मावशी, आता यात काहीच नाही.
घासून उपडा घातलेला हंडा दाखवावा
तशा अभिमानाने.

खरंच नव्हतं काही.
ना चित्रांची गर्दी, ना खालची पट्टी, ना कोपऱ्यातलं घड्याळ.
काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ,
विचारलंस तर सांगेन, अशी.

फोटो बघायला त्याने फेह टाकलाय.
नाव उसाशाएवढं.
चौकट नाही, बटणं नाहीत, सल्ले नाहीत.
उजवा बाण म्हणजे पुढचा.
क्यू म्हणजे झालं.
ऑफिसातल्या नव्या यंत्रावर एक फोटो उघडेस्तोवर
वाघचौरे साहेबांचा चहा निवतो.
इथे बोट उचलायच्या आत नदी समोर.

काम असं:
होळकर पुलाच्या कठड्याला कॅमेरा,
दर दहा मिनिटांनी गोदेचा एक फोटो, मोजपट्टीसकट.
चार वर्षं. दोन लाख दहा हजार, वर काही.
पट्टी दिसते ते ठेवायचे,
दिसत नाही ते काढायचे.
साहेब म्हणाले, फुकट जागा खातात.

बाण दाबून धरला की पाणी चढतं.
आधी पायऱ्या जातात, मग धुणं वाळत घालायचा कठडा,
मग भेळवाल्याचा पत्रा,
लांब कोपऱ्यात दुतोंड्या मारुतीचे गुडघे, कंबर, छाती.
डावा बाण धरला की सगळं मुकाट्याने परत देतं:
छाती, कंबर, गुडघे, पत्रा.
भेळवाला नसतो त्यात.
तो आधीच गाडी घेऊन वर गेलेला, शहाणा.

रात्रीचे सगळे काळे. काढले.
धुक्याचे काढले.
भिंगावर बसलेल्या पारव्याच्या शेपटीचे सतरा, तेही काढले.

मग एक तळवा आला.
पडदाभर.
रेषांत ग्रीस, अंगठ्याला चिंधी.
पुढे कधी पिवळं फडकं. कधी नुसती हनुवटी,
दोन दिवसांची पांढरी खुंटं.

पुंजाराम बेंडकोळी. पेठकडचा. रोजंदारीवर.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिडी लावून काच पुसायचा.
दहा मिनिटांतून एकदा उघडणारा हा डोळा,
त्याच्यासमोर तो नेमका सापडलाय
चार वर्षांत अकरा वेळा.
नवव्या वेळी डोक्यावर कोरी टोपी आहे
आणि तो काही पुसत नाहीये.
वाट बघतोय.

एकदा विचारलं होतं त्याने,
बाई, मी येतो का त्याच्यात?
मी मस्टरमधून मान वर न करता म्हटलं,
तिथे पट्टी बघतात, माणसं नाही.

अकराव्यानंतर जाळं आहे.
आधी एक धागा, मग चार,
मग पट्टीवरचे आकडे जाळ्यामागून वाचायचे.
मस्टरवर त्याच्या नावापुढे तेव्हापासून
लाल शाईची आडवी रेघ, माझ्याच हातची.

पट्टी दिसत नाही. नियमाने अकराही काढायचे.
भाचा बजावून गेलाय:
नुसतं डिलीट दाबलंस तर यादीतून जातो,
कंट्रोल धरून दाबलंस तर डिस्कवरून.
आणि हा 'नक्की ना?' असं विचारत बसत नाही.

अकरा वेळा दाबलं.
कंट्रोल न धरता.
यादीत पाणी उरलं, पट्टी उरली.
साहेबांना आकडा कळवला, ते म्हणाले, छान.

क्यू.
काळा पडदा, लुकलुकणारी रेघ.
काहीच नाही यात, म्हणाला होता पोरगा.
पुन्हा उघडलं
तर तो तळवा होता तिथेच, काच पुसत,
आतून की बाहेरून, कळत नव्हतं.

शिडी स्टोअरला आहे, चावी शिपायाकडे.
सोमवारी जाईन म्हणते.
फडकं घरचंच नेईन.
घड्याळ बघून चढेन.